पायथ्याची माणसे टेकडीवर

रविवारी पोरांना कुठे न्यायचे, हा प्रश्न आपल्या घरांतून नेहमी खिशापाशी येऊन अडतो. पोरे महाबळेश्वरचे नाव घेतात, कोकणाचे घेतात. आम्ही मनातल्या मनात गाडीभाडे, जेवणखाण मांडतो आणि विषय बदलतो. गेल्या माघी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मात्र विषय बदलता आला नाही. धाकट्याला शाळेतून 'आमच्या परिसरातील टेकडी' असा निबंध सांगितला होता, आणि घरातल्या एकालाही धड चार ओळी सांगता येईनात.

लाज वाटावी अशीच ही गोष्ट. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आमच्या घराला पन्नास वर्षे होऊन गेली. दार उघडले की समोर पर्वती. पाहुण्याला पत्ता सांगायचा तर पर्वतीकडे तोंड करून उभे राहा म्हणायचे. पाऊस येणार की नाही, हे पर्वतीमागच्या ढगावरून ठरवायचे. आणि वर गेलो किती वेळा? आम्ही उभयता लग्नानंतर एकदा. थोरली कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर एकदा. आई तर एकदाही नाही.

आई आता पंचाहत्तरीला आली. १९७२ च्या दुष्काळात गावाकडे सरकारी कामावर तिने खडी फोडली, आणि त्यानंतर वडिलांच्या मागोमाग पुण्याला आली. वडील मंडईत हमाली करायचे. आई चार घरची धुणीभांडी करून आम्हा भावंडांना वाढवत होती. पायथ्याशी आयुष्य गेले, पण वर चल म्हटले की तिचे उत्तर ठरलेले. "आपल्या मान्सांना थितं दगडं मारली. आन् आता तर आपन देव बी मानत न्हाय. मंग कशाला वर जायचं?"

दोन्ही कारणे खरी आहेत, हे कबूल केले पाहिजे. पहिले कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या कानावर असेल. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा अडीच वर्षे झाली होती, नाशिकचा काळाराम अजून व्हायचा होता. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही आपली पुण्याची मंडळी पुढे होती. काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे काही सवर्ण साथीलाही होते. बाबासाहेबांचा या लढ्याला पाठिंबा होता. देवळाचे दार उघडले नाही. उघडले ते शिव्यांचे तोंड, आणि मागोमाग दगड आले. राजभोज जखमी झाले, त्यांना इस्पितळात न्यावे लागले. वस्तीत आमच्या लहानपणी एक म्हातारे होते. त्या वेळी ते पोरसवदा होते आणि खाली रस्त्यावर उभे राहून त्यांनी तो गोंधळ पाहिला होता, असे ते सांगत. आईने ते त्यांच्याच तोंडून ऐकलेले. म्हणून तिला पर्वती म्हणजे देऊळ नव्हे, बाग नव्हे, तिला पर्वती म्हणजे दगड.

दुसऱ्या कारणावर घरात चांगलाच वाद झाला. थोरली म्हणाली, "आजी, ती माणसं देवासाठी गेली नव्हती. माणूस म्हणून जाता आलं पाहिजे म्हणून गेली होती." आई म्हणाली, "मंग त्यांनी जाऊन घेतलं की." थोरली म्हणाली, "त्यांना जाऊ दिलं नाही. म्हणून तर आपण जायचं." आता यावर आई काय बोलणार? देव मानायचा नाही हे आपले आपण ठरवले आहे. पण पायरी चढायची नाही हे दुसऱ्या कोणी ठरवले होते. या दोन गोष्टी एक समजायच्या नाहीत, हे आमच्या पोरीने आम्हांला शिकवले. शेवटी आई तयार झाली, पण अट घालून. "देवळात येनार न्हाय. बाहेर बसंन."

पहाटे सहाला निघालो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या, घडीव दगडाच्या. गुडघे दुखणाऱ्यालाही जमेल अशी ही चढण आहे, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० फूट भरते, पण पुणे शहरच उंचावर असल्याने खरी चढण तेवढी नाही. धाकटा पायऱ्या मोजत चालला होता, साठाच्या पुढे कुत्र्याचे पिल्लू आडवे आले आणि मोजणी चुकली. पुन्हा खाली जाऊन मोजतो म्हणाला. त्याला दटावून वर आणला. आई दहा पायऱ्यांवर एकदा टेकायची. पांढरे बूट घातलेले पेन्शनर तिच्या शेजारून भराभरा चढत होते, काही तर दुसऱ्या फेरीला लागले होते. आईने एकदा खालच्या पायरीवर हात फिरवला आणि म्हणाली, "दगूड चांगला हाय. काळा." आम्हांला त्या वेळी त्याचे काही वाटले नाही.

वर देवदेवेश्वराचे देऊळ आहे, नानासाहेब पेशव्याने बांधलेले. पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, नानासाहेबाचा अंत याच टेकडीवर झाला. पेशवाईत पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. आणखी एक खिडकी दाखवतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावाने येथून पाहिली म्हणतात. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगाव झाले, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. खिडकी सगळेच दाखवतात. १९२९ सालचे दगड मात्र ज्याचे त्याने आपल्या पोरांना दाखवावे लागतात.

देवळाला वळसा घालून आम्ही कठड्यापाशी गेलो. ऊन नुकते पडत होते, खाली धुके आणि धूर यांची एक पातळ चादर होती, आणि त्यातून पुणे हळूहळू वर येत होते.

निबंधासाठी आम्ही धाकट्याला एकेक गोष्ट दाखवायला लागलो. पायथ्याशी सारसबाग, जिथे पूर्वी तळे होते आणि गणपती तळ्यातला होता. त्याच्या पलीकडे स्वारगेट. उत्तरेला पेठांची दाटी, त्यात कुठेतरी शनिवारवाडा आणि जवळच भिडेवाड्याची जागा, जिथे १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. थोडे उजवीकडे गंज पेठ. तिथे फुल्यांचा वाडा आणि १८६८ साली त्यांनी अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद. त्याच्याही पलीकडे, दूर ईशान्येला, येरवडा. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार तिथल्या तुरुंगात झाला. बोट फिरवत फिरवत आमच्या लक्षात आले, की इतिहासाच्या पुस्तकात ज्या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात त्या इथून एका नजरेत मावतात. पुस्तकात पेशवाईच्या धड्यानंतर फुल्यांचा धडा येतो. इथून पाहिले तर दोघे एकमेकांचे शेजारी.

मग टेकड्या. पश्चिमेला वेताळ टेकडी पसरलेली. शहरातली सगळ्यांत उंच जागा तीच, साधारण २६०० फूट. तिच्या कुशीत दगडाच्या जुन्या खाणी आहेत. पुण्याच्या घरांचा पाया कुठून आला हे तिथे कळते. तिच्या उत्तरेला हनुमान टेकडी आणि चतुःशृंगी. नैर्ऋत्येला सिंहगड, डोक्यावर टीव्हीचा मनोरा घेऊन. धाकट्याने विचारले, या सगळ्या टेकड्यांची डोकी सपाट का? त्याचे उत्तर थोरलीने दिले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर साचत गेले, आणि त्यांचाच हा काळा कातळ झाला. एक थर कठीण, एक मुरमाड. मुरूम पावसाने झिजतो, कठीण थर टिकतो, म्हणून डोके सपाट आणि अंगाला पायऱ्या. पेशव्यांनी १०३ पायऱ्या बांधायच्या आधीच निसर्गाने आपल्या पायऱ्या बांधून ठेवल्या होत्या.

आईचे लक्ष मात्र यांतल्या कशातच नव्हते. ती पायथ्याच्या कालव्याकडे बघत होती. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा पर्वतीला लगटून जातो. ते धरण इंग्रजांनी १९ व्या शतकात बांधले, आणि जोतिराव फुले कंत्राटदारीच्या धंद्यात असताना ज्या कामांशी त्यांचे नाव जोडले जाते त्यांत खडकवासलाही आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा खडकवासल्यालाही भगदाड पडले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. त्यातली किती घरे नंतर या उतारांवर येऊन वसली! आणि २७ सप्टेंबर २०१८ ला दिवसाढवळ्या या कालव्याची भिंत फुटली. पाणी वस्तीत शिरले. आमच्या घरात मांडीएवढे होते. आईची गोधडी, पोरांची वह्यापुस्तके, बाबासाहेबांचा भिंतीवरचा फोटो, सगळे गाळात. फोटो तेवढा धुऊन पुसून आम्ही परत लावला, त्याच्या कोपऱ्यावर अजून पाण्याची रेघ आहे. त्या दिवशी आम्ही खालून फक्त पाणी पाहिले होते. इथून पहिल्यांदा दिसले की कालवा आमच्या छपरांपेक्षा उंचावरून जातो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हितनं बगितलं आस्तं तर तवाच कळलं आस्तं."

कठड्याशी एक बाई फुलांची परडी घेऊन आल्या, वयाने आईएवढ्याच. सहज विचारले, "झालं का दर्शन?" आम्ही जरा चपापलो. आई म्हणाली, "झालं की. समदं पुनं दिसलं." बाई हसल्या आणि दोघी गुडघेदुखीच्या गोळ्यांवर बोलत बसल्या.

खाली उतरताना थोरलीने एक हकीकत सांगितली, ती आम्हांला नवीन होती. इंग्लंडमध्ये मँचेस्टर या गिरण्यांच्या शहराजवळ किंडर स्काउट नावाचे डोंगरपठार आहे. गिरण्या-कारखान्यांतल्या मजुरांना रविवारी मोकळ्या हवेत फिरायला जायचे, तर डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण मजूर बंदी मोडून त्या पठारावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ साली तिकडे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ साली ज्या डोंगराळ मुलखांना पहिले संरक्षण मिळाले त्यांत किंडरचा मुलूख होता, वेल्समधला स्नोडनचा मुलूखही होता. आज तिकडचा मजूर पोराबाळांना घेऊन त्या माथ्यांवर भाकरी सोडतो. त्यांची अडचण जमिनीच्या मालकाची होती, आपली जातीची. पण पर्वती आणि किंडर यांच्यात अडीच वर्षांचेच अंतर. डोंगर चढण्यासाठी मार खाल्लेली माणसे सातासमुद्रापलीकडेही आहेत, हे कळून आईलासुद्धा बरे वाटले. "गोऱ्यांत बी आसंच?" एवढेच तिने विचारले.

पर्वतीवरून सहकारनगरच्या बाजूने आम्ही तळजाईला गेलो. आईला रिक्षाने आणले. तळजाईचे पठार म्हणजे पाचगाव पर्वतीचे वन. वनखात्याने लावलेला गिरिपुष्प सगळीकडे माजला आहे, आणि माघ-फाल्गुनात त्याच्या बिनपानांच्या फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी भरतात. दिसायला सुरेख, पण हे झाड परदेशातून आलेले, आणि त्याच्याखाली इथले गवत, झुडूप फारसे वाढत नाही असे जाणते लोक म्हणतात. मधूनमधून पांगारा लाल झालेला होता. मोर ओरडला. धाकटा वाघ वाघ म्हणून ओरडला आणि मग स्वतःच लाजला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दही, एवढे जेवण आम्ही झाडाखाली केले. खर्च रिक्षाचा आणि चहाचा.

या टेकड्यांबद्दल एक गोष्ट बोलून टाकतो. पुण्यात टेकड्या वाचवण्याची चळवळ आहे आणि ती चांगली आहे. २०२३ साली वेताळ टेकडीवरून नेऊ घातलेल्या रस्त्याविरुद्ध हजारो माणसे चालली. टेकडी गेली तर पाणी मुरणार नाही, वारा राहणार नाही, हे खरेच. पण टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाचे नाव या बोलण्यात बहुधा 'अतिक्रमण' एवढेच असते. तो तिथे हौसेने गेलेला नाही. त्याला सपाटीवर जागा कोणी दिली नाही. पाऊस मुसळधार झाला की वरचा मुरूम त्याच्याच घरात येतो, कालवा फुटला की पाणीही त्याच्याच घरात येते. टेकडी वाचवायच्या सभांना आपल्या वस्त्यांतल्या माणसांनी जावे, आणि मागे उभे न राहता बोलावे, असे आमचे मत आहे.

पुढच्या रविवारी आईनेच विचारले, "आज कुटं?" मग तिला लोकलने नेले. शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल धरायची. वाटेत देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथल्या विहारात स्वतःच्या हाताने बसवली. जाताना उतरून वंदन केले आणि पुढची लोकल धरून बेगडेवाडीला उतरलो. समोर घोरावडीचा डोंगर. शेलारवाडीची लेणी ती हीच. बरेच लोक या डोंगराला घोरवडेश्वर म्हणून ओळखतात, कारण मुख्य लेण्यात आता शिवलिंग आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी उसळते. शांतपणे पाहायचे तर थंडीतला साधा रविवार गाठावा. पाणी घरूनच न्यावे, चढण पर्वतीपेक्षा बरीच अधिक आहे.

माथ्याकडून एका अंगाला जुना मुंबई रस्ता आणि लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग आणि गहुंज्याचे क्रिकेटचे मैदान. धाकट्याचे डोळे अर्थात मैदानाला चिकटले. आम्ही लेण्यांत गेलो. लहान लहान खोल्या, भिक्खूंना निजायला खडकातच कोरलेले ओटे. इथे ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. धेनुकाकट गावचा उसभणक नावाचा नांगरकरी, त्याची बायको सिअगुतणिका, तिने आपल्या मुलासह, नंद त्याचे नाव, हे लेणे दान दिले, असे त्यात म्हटले आहे. हेच धेनुकाकट कार्ल्याच्या लेखांतही पुष्कळदा येते. राजा नाही, सेनापती नाही. शेत नांगरणाऱ्याची बायको, आणि दोन हजार वर्षांनी तिचे नाव दगडावर आहे.

थोरलीने आजीला हे समजावून सांगितले. आईने नाव दोनदा म्हणून पाहिले, तिसऱ्यांदा चुकले. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिथल्या ओट्यावर बसली. मोबाइलच्या उजेडात भिंतीवर तिरप्या रेघांच्या रांगा दिसत होत्या. आईने त्यांवर बोट फिरवले, वरून खाली, सावकाश.

"ही छिन्नी हाय," ती म्हणाली. "यकाच हाताची. ह्यो बग, हितं त्यो डाव्या अंगाला सरकलाय. दमला आसंल."